दूरच्या दीर्घिकांचा धक्का

भांडुपच्या पूर्वेला खाडी आहे आणि पश्चिमेला डोंगर. मधल्या चिंचोळ्या पट्टीत रेल्वेचे रूळ, लाल बहादूर शास्त्री मार्ग, जुन्या कारखान्यांच्या भिंती, चाळी, टॉवर आणि टेंभीपाडा, हनुमान नगरच्या चढावर वरवर सरकत गेलेली वस्ती. इथल्या माणसाला आकाशाच्या दिशा वेगळ्या शिकाव्या लागत नाहीत. उगवणारं सगळं मिठागरांच्या पलीकडून, खाडीवरून उगवतं. मावळणारं सगळं नॅशनल पार्कच्या डोंगराआड जातं. ध्रुव मुलुंडच्या बाजूला असतो, क्षितिजापासून साधारण १९ अंशांवर, कारण भांडुपचा अक्षांशच १९ आहे. म्हणजे आपण पृथ्वीच्या पाठीवर नेमके कुठे उभे आहोत, हे मुलुंडच्या इमारतींच्या डोक्यावरचा एक मध्यम तेजाचा तारा रोज रात्री सांगत असतो.

हे आकाश आता पुष्कळ विरळ झालं आहे. रस्त्यावरचे पांढरे दिवे, मेट्रोच्या बांधकामावरचे झोत आणि हवेतली धूळ यांतून कृत्तिकांचा पुंजका ओळखायलाही डोळे ताणावे लागतात. माझे वडील कोकणातून इथल्या कारखान्यात आले, तेव्हा रात्रपाळी संपवून येताना ते घड्याळाऐवजी वर बघायचे. मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांना ते तिकांडं म्हणत. सप्तर्षी त्यांच्या लेखी म्हातारीची खाट होती आणि शेपटीचे तीन तारे ती खाट पळवणारे चोर. कुणी शिकवलेलं नव्हतं. गावच्या अंगणात झोपून झोपून अंगी आलेलं होतं. कारखाने गेले, भोंगे गेले, आणि वर बघून वेळ सांगणारी ती पिढीही गेली. आमच्यासाठी आकाशाची ओळख पुस्तकांतून आली, आणि मराठीत ती आली मुख्यतः एका माणसाच्या हातून. त्यांचं नाव डॉ. जयंत विष्णू नारळीकर.

नारळीकर दुर्बिणीला डोळा लावून रात्री जागवणाऱ्यांतले नव्हते. ते सैद्धान्तिक खगोलशास्त्रज्ञ. त्यांचं काम कागद, पेन्सिल आणि गणित यांवर चालायचं. म्हणूनच की काय, मला ते गच्चीवर कमी आठवतात आणि लोकलमध्ये जास्त.

सकाळच्या गर्दीत भांडुपला स्लो लोकल थांबते. आपण आत लोटले जातो, वरच्या हँडलला बोटं लागतात न लागतात तोच गाडी सुटते, आणि अख्खा डबा मागं कलतो. मागच्याचा भार आपण सोसतो, आपला भार आणखी कुणी. शाळेत याला जडत्व म्हणतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. पण एक प्रश्न तिथंच राहून जातो. गाडी हलली, हे शरीराला कळलं कसं? कशाच्या तुलनेत हलली? न्यूटननं उत्तर दिलं होतं की स्वतःत स्थिर असलेलं एक निरपेक्ष अवकाश आहे, त्याच्या तुलनेत. एकोणिसाव्या शतकात अर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन विचारवंताला ते पटलं नाही. जे कधी दिसत नाही, मोजता येत नाही, त्याच्या आधारानं हालचाल का ठरवायची? आपल्याभोवती दूरचे तारे आहेत, विश्वातलं सगळं द्रव्य आहे. तुलना त्याच्याशी करा, असं त्याचं म्हणणं. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: विश्वातलं बाकी सगळं पुसून टाकलं आणि एकच कण उरला, तर त्याला जडत्व असेल का?

१९६४ साली केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल आणि त्यांचे २५ वर्षांचे शिष्य जयंत नारळीकर यांनी या प्रश्नाला गणिताचं रूप दिलं. त्यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतात कोणत्याही कणाचं वस्तुमान ही त्याची एकट्याची मालमत्ता नाही. विश्वातला प्रत्येक दुसरा कण त्यात थोडी थोडी भर घालतो आणि त्या सगळ्या देण्यांची बेरीज म्हणजे त्या कणाचं वस्तुमान. एकटा कण असेल तर बेरीज शून्य. कण असंख्य असतील, तर याच समीकरणांतून आइन्स्टाइनची समीकरणं बाहेर येतात.

हे मी पहिल्यांदा वाचलं आणि लोकल माझ्यासाठी बदलून गेली. भांडुपहून गाडी सुटताना माझ्या पाठीवर जो भार येतो, त्यात देवयानी दीर्घिकेचा वाटा आहे. तिच्याकडून प्रकाश यायलाच २५ लाख वर्षं लागतात. आणि देवयानी तर शेजारीण. त्या गणितात अंतर वाढेल तसा एकेका कणाचा वाटा कमी होतो, पण दूरच्या कणांची संख्या त्याहून वेगानं वाढते. त्यामुळे सगळ्यांत मोठा हात ज्यांना नावही नाही अशा अतिदूरच्या दीर्घिकांचा. डब्यात घामेजलेला, डबा छातीशी धरलेला, कांजूरला उतरायची वाट बघणारा प्रत्येक माणूस त्या क्षणी साऱ्या विश्वाशी बांधलेला असतो. हा विचार खरा ठरला की खोटा, हा प्रश्न पुढे येईलच. पण असा विचार एका मराठी माणसाच्या लेखणीतून समीकरण होऊन उतरला, याचा मला फार आनंद होतो, आणि तो लपवावासा वाटत नाही.

११ जून १९६४ रोजी रॉयल सोसायटीत हा सिद्धांत मांडला गेला. व्याख्यान संपल्यावर एक तरुण संशोधक उठला आणि म्हणाला, प्रसरण पावणाऱ्या विश्वात ही बेरीज अनंत होते. तो स्टीफन हॉकिंग होता. आक्षेप गंभीर होता. पण हॉकिंग आणि नारळीकर यांची ओळख त्याआधीची, आणि ती सुरू झाली होती खेळापासून. १९६१ साली रॉयल ग्रीनिच वेधशाळेत भरलेल्या एका शिबिरात दोघं टेबल टेनिस खेळले होते. नारळीकर जिंकले होते, असं ते पुढे सांगत. हॉकिंगचा आजार तेव्हा कळायचा होता. पुढे विश्वाच्या आरंभाबद्दल दोघांची मतं अगदी विरुद्ध टोकांना गेली. एकानं आरंभ असलाच पाहिजे याची गणिती सिद्धता दिली, दुसऱ्यानं आरंभाशिवायचं विश्व आयुष्यभर मांडलं.

त्याच १९६१ सालचा आणखी एक प्रसंग मला टेबल टेनिसपेक्षाही मोलाचा वाटतो. मार्टिन राईल या रेडिओ खगोलशास्त्रज्ञानं रेडिओ स्रोतांची मोजदाद करून जाहीर केलं की हॉईल यांचा स्थिर स्थिती सिद्धांत चुकीचा आहे. हा सिद्धांत म्हणतो की विश्व प्रसरण पावतं आणि रिकाम्या होत जाणाऱ्या जागेत अगदी सावकाश नवं द्रव्य निर्माण होत राहतं, त्यामुळे विश्व एकूण होतं तसंच राहतं. राईलना एका सभेत उत्तर द्यायचं होतं आणि त्या दिवशी हॉईल मोकळे नव्हते. त्यांनी काम सोपवलं २२ वर्षांच्या, संशोधनाला नुकत्याच लागलेल्या नारळीकरांवर. समोर राईल, भरलेलं सभागृह, आणि हा कोल्हापुरात जन्मलेला, बनारसमध्ये वाढलेला मुलगा. त्यानं उत्तर दिलं. मतभेद असावा आणि तो आकड्यांनी मांडावा, आवाज न चढवता मांडावा, ही शिकवण त्या वयात अंगात मुरली ती शेवटपर्यंत.

१९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांनी विश्वात सगळीकडून येणारं मंद सूक्ष्मतरंग प्रारण शोधलं आणि पारडं विश्वाला आरंभ मानणाऱ्या महास्फोट सिद्धांताच्या बाजूला झुकलं. बहुतेकांनी स्थिर स्थिती सोडून दिली. हॉईल आणि नारळीकर यांनी सोडली नाही. १९९३ मध्ये जेफ्री बर्बिज यांच्यासह दोघांनी तिचं नवं रूप मांडलं. त्यात विश्व दीर्घकाळात वाढत जातं, पण आत आकुंचन-प्रसरणाची आंदोलनं चालतात, आणि ते प्रारण म्हणजे जुन्या ताऱ्यांचा प्रकाश लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा सोडलेला. आजचा पुरावा महास्फोटाच्या बाजूनं भक्कम आहे आणि माझं मतही त्याच बाजूचं आहे. पण साठ वर्षं अल्पमतात उभं राहणं सोपं नसतं. या माणसानं बहुमताला शिव्या दिल्या नाहीत, स्वतःला हुतात्मा म्हणवून घेतलं नाही, आणि पुण्यात आयुका उभारताना तिथं महास्फोट मानणाऱ्यांना मोकळेपणानं काम करू दिलं. १९८८ साली स्थापन झालेली ती संस्था देशभरच्या विद्यापीठांतल्या संशोधकांसाठी आहे. संस्थापक-संचालकाच्या मताची शाळा तिनं चालवली नाही. मला त्यांच्या कुठल्याही पुरस्कारापेक्षा हे मोठं वाटतं. पुरस्कार बरेच मिळाले. पद्मभूषण तर १९६५ साली, वयाच्या २६ व्या वर्षी.

गुरूची एक सवय शिष्यात उतरली. हॉईल सुट्टीत स्कॉटलंडचे डोंगर चढायचे आणि फावल्या वेळात विज्ञानकादंबऱ्या लिहायचे. ‘द ब्लॅक क्लाउड’ ही त्यांची कादंबरी १९५७ ची. नारळीकर १९७२ साली भारतात परतले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले, आणि दोनच वर्षांनी अहमदाबादच्या एका परिषदेत, व्याख्यान कंटाळवाणं चाललं असताना, समोरच्या कागदावर त्यांनी मराठीतून एक गोष्ट लिहायला घेतली. ती होती ‘कृष्णविवर’. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ती पाठवताना आपलं नाव बघून परीक्षकांचं मन झुकू नये, म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ असं नाव घेतलं. अक्षरही ओळखू येऊ नये, म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी ती आपल्या हातानं उतरवून काढली. मंगलाताई स्वतः गणिती. जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं.

मला या गोष्टीतली गंमत आवडते, पण त्याहून जास्त तिच्यातली शिस्त आवडते. नावाशिवाय काम तपासून घ्यायचं, ही प्रयोगशाळेतली रीत त्यांनी छंदालाही लावली.

त्यांच्या कथा आमच्या वस्तीत वाचल्या जात. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ तर खास. भांडुपमध्ये पावसाळा लागला की चित्रशाळांत मूर्तींच्या रांगा लागतात, आणि सोंड कुठल्या बाजूला यावर घराघरांत बोलणं होतं. त्या कथेत नारळीकर मोबियस पट्टीची कल्पना वापरून डाव्याचं उजवं करून दाखवतात. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवा आणि तिच्या एकाच बाजूवरून बोट फिरवत राहा. दुसरी बाजू उरतच नाही, हे कळतं. शाळेत भूमितीला घाबरणाऱ्या मुलांनी ती गोष्ट वाचून पट्ट्या कापल्या होत्या. गणपतीच्या सोंडेवरून थेट अवकाशाच्या रचनेपर्यंत नेणारा दुसरा लेखक मला मराठीत भेटलेला नाही.

‘धूमकेतू’ या कथेत एक बंगाली गृहस्थ आहेत. निवृत्त, हौशी, आपल्या दुर्बिणीला ‘दिव्यचक्षू’ म्हणणारे. त्यांना एक नवा धूमकेतू सापडतो आणि तो पृथ्वीवर आदळणार असं गणित निघतं. शास्त्रज्ञ अवकाशात अणुस्फोट घडवून त्याला वळवतात. घरी मात्र धूमकेतूचा अपशकुन टळावा म्हणून यज्ञ झालेला असतो, आणि संकट टळल्याचं श्रेय त्या यज्ञाला मिळतं. या कथेत कुणी खलनायक नाही. त्या घरातली माणसं प्रेमळ आहेत, आपल्या शेजारपाजारची आहेत, आणि म्हणूनच ती गोष्ट लागते.

याच प्रश्नाकडे ते पुढे गोष्टीतून नव्हे, तर थेट चाचणीतून गेले. २००८ साली त्यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची परीक्षा घेतली. १०० हुशार विद्यार्थी आणि १०० मतिमंद मुलं यांच्या जन्मवेळांवरून पत्रिका तयार केल्या. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. उत्तरं पाठवली २७ जणांनी. बरोबर आलेल्या उत्तरांचं प्रमाण सरासरी ४६ टक्के निघालं. नाणं उडवून उत्तर दिलं असतं, तर ते ५० च्या आसपास आलं असतं. त्यांनी ज्योतिषांची टिंगल केली नाही. आकडा ठेवला आणि थांबले. भांडुपमध्ये आजही लग्नाच्या बोलण्यात पत्रिका आधी आणि माणसं मागून येतात. तिथं हा आकडा मोठ्यानं सांगावा असं मला वाटतं. एखाद्या मुलीचं ठरलेलं लग्न मंगळामुळे मोडताना मी पाहिलं आहे. मंगळ हा थंड, कोरडा, गंजलेल्या मातीचा ग्रह आहे. त्याच्या नावावर कुणाचं आयुष्य अडवणं हा अन्याय आहे.

संशोधनाच्या बाबतीतही त्यांची हीच रीत. जीवसृष्टीचं बीज अवकाशातून आलं असेल का, हा हॉईल यांचा लाडका आणि पुष्कळांना अमान्य असलेला प्रश्न. वाद घालत बसण्याऐवजी २००१ च्या जानेवारीत हैदराबादहून फुगा सोडला गेला, ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली गेली, आणि तिच्यात जिवंत पेशी सापडल्या. २००५ च्या दुसऱ्या उड्डाणातून जिवाणूंच्या तीन नव्या जाती हाती आल्या. त्यांतल्या एकीला हॉईल यांचं नाव दिलं आहे. हे जिवाणू खालून वर गेले की वरून खाली आले, हे त्यातून ठरलं नाही, आणि ठरल्याचा दावाही केला गेला नाही.

आणि पोस्टकार्डं. शाळांत व्याख्यान संपलं की मुलं वह्या पुढे करून सहीसाठी गराडा घालत. नारळीकर सही देत नसत. मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर पाठवीन, त्याखाली माझी सही असेल, असं सांगत. कार्डं येत राहिली आणि उत्तरं जात राहिली. विश्वाची समीकरणं सोडवणारा माणूस रात्री आकाश काळं का दिसतं, हे सहावीतल्या मुलाला चार ओळींत स्वतःच्या अक्षरात लिहून कळवतो, यात किती वेळ गेला असेल! पण याच प्रश्नानं मोठमोठ्या खगोलशास्त्रज्ञांना दोनेक शतकं झुलवलं आहे, हे त्यांना माहीत होतं. म्हणून मुलाचा प्रश्न त्यांना लहान वाटत नसे. आयुकात मुलांसाठी शनिवारची व्याख्यानं सुरू झाली. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीतून मुक्तांगण विज्ञान शोधिकेची इमारत उभी राहिली, आणि सप्तर्षींतल्या एका ताऱ्यावरून तिचं नाव ठेवलं ‘पुलस्त्य’. त्या नावाच्या सुरुवातीला ‘पुल’ आहेत, हे मुलांनाही लगेच दिसतं.

हे सगळं पुण्यातलं, असं भांडुपकरांनी म्हणू नये. आपल्या रेल्वेच्या रुळांवर आकाशाची बरीच ठाणी आहेत. १९६५ साली गोविंद स्वरूप यांनी देशातली पहिली मोठी रेडिओ दुर्बीण उभारली ती कल्याणला. ऑस्ट्रेलियाकडून मिळालेल्या ३२ छोट्या तबकड्यांची, सूर्याचा अभ्यास करणारी. तिथून पुढे उटी आणि मग नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. ज्या परिषदेनं जगतापांना बक्षीस दिलं, ती मराठी विज्ञान परिषद चुनाभट्टीला आहे. हॅलेचा धूमकेतू येणार म्हणून १९८५-८६ च्या सुमारास जमलेल्या तरुणांतून उभं राहिलेलं खगोल मंडळ शीवचं, आणि त्यांचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम कर्जतच्या वाटेवर वांगणीला होतात. खगोलशास्त्राच्या ऑलिंपियाडसाठी मुलांची तयारी करून घेणारं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला आहे. उटी आणि खोडद सोडलं, तर भांडुपच्या फलाटावरून यांतलं काहीच लांब नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. नारळीकर अध्यक्ष होते, त्या पदावर बसलेले पहिले वैज्ञानिक. प्रकृतीमुळे त्यांना प्रत्यक्ष जाता आलं नाही. २० मे २०२५ रोजी पहाटे पुण्यात, झोपेत, ते गेले. त्यानंतरच्या आठवड्यात पुतळा, चौक, रस्ता अशा मागण्या कानांवर आल्या. माझी मागणी लहान आहे आणि ती भांडुप, नाहूर, मुलुंड, कांजूरच्या सोसायट्यांच्या सचिवांकडे आहे. आपल्या इमारतींच्या गच्च्यांना कुलूप असतं. कारणंही खरी आहेत: टाकी, अँटेना, अपघाताची भीती. पण वर्षातून काही रात्री ते कुलूप उघडा. मोठी दोन माणसं सोबत ठेवा, टाकीजवळचा दिवा मालवा आणि इमारतीतल्या मुलांना वर घेऊन जा. १३ डिसेंबरची रात्र त्यासाठी उत्तम. हवा कोरडी असते, मिथुन राशीतून उल्का पडतात आणि तिकांडं खाडीवरून वर आलेलं असतं. मुलं प्रश्न विचारतील. ज्याचं उत्तर येणार नाही, तो प्रश्न कागदावर लिहून घ्या आणि चुनाभट्टीला किंवा शीवला विचारायला जा. आणि रहिवाशांनो, कुलपाची किल्ली सचिवांकडेच असते. यंदा ती मागा.